पट्टीवरचा होकार

अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
बुधवार, दि. १८ ऑगस्ट २००४
सकाळचे ११ वाजून १० मिनिटे

प्रिय रश्मीताईस,

अंकुशचा सप्रेम जयभीम. भाऊजींना जयभीम, चि. तृप्तीला गोड पापा.

हे पत्र लिहायला घेण्याआधी मी केबलच्या कंट्रोल रूममध्ये बसून टीव्हीवर खाली फिरणाऱ्या आजच्या पट्ट्या टाईप करत होतो. दोन झाल्या. एक चपलांच्या दुकानाची, दुसरी एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची. तिसरीला हात चालेना, म्हणून कीबोर्ड सरकवला आणि कागद ओढला. मालक टेकचंदभाऊ ॲम्प्लिफायर आणायला भंडाऱ्याला गेले आहेत, तीनच्या आत येत नाहीत. फोन केला असता, पण तुझ्या शेजारीणबाईंच्या बैठकीत उभी राहून तू हे ऐकावेस असे मला वाटत नाही.

घरी सर्व ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. रोवणी आटोपली. आई रोज विचारते, रश्मी शनिवारी येते की रविवारी सकाळी. मी सांगतो, माहीत नाही.

रविवारी २२ तारखेला माझे साक्षगंध आहे. तू फोनवर किती आनंदाने बोललीस. म्हणालीस, "मी रिताले माह्या क्वार्टरात बहीण म्हणून ठेवणार होती, आता वहिनी म्हणून ठेवीन." तुम्ही दोघी एका शाळेतल्या, नर्सिंगचा फॉर्म तूच तिला भरायला लावलास, भंडाऱ्याच्या यादीत तिचे नाव लागले तेव्हा तूच पेढे पाठवलेस. मी हे सगळे लिहितो आहे कारण हे सगळे मला माहीत होते. माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

तू जी डाळिंबी साडी घेतलीस तिचे बिल सांभाळून ठेव. दुकानदार किती दिवसांत परत घेतो तेही विचारून ठेव.

आता टीव्हीबद्दल लिहितो. तुला वाटेल हे मधेच काय.

साडेआठला जी विनोदी मालिका लागते ती तुमच्याकडेही दिसत असेल. इमारतीतल्या चार बिऱ्हाडांची. नवरे सगळे बावळट, बायका सगळ्या एकतर रागावलेल्या नाहीतर साडीसाठी रुसलेल्या. त्यात बँकेत काम करणारा एक पोरगा आहे, तो समोरच्या दारातल्या मुलीच्या मागे असतो. बाबा ही मालिका चुकवत नाहीत. लाटणे दिसले की नवरा पलंगाखाली लपतो, तेव्हा बाबांना हसून हसून ठसका लागतो आणि ते मान न वळवता आईला पाणी मागतात. आई एकदा पाणी देताना मला म्हणाली, "टीव्हीतला नवरा बायकोले भेते म्हणून तुहे बाबा हासतेत. खऱ्या घरात कोण कोणाले भेते, ते दाखवलं तं कोणी हासन का?" मी तेव्हा नीट ऐकले नाही. मी वहीत लिहीत होतो.

वहीबद्दल तुला ठाऊक नाही. मला दहावीत दोनदा गणित गेले, पण मोजायची सवय गेली नाही. मुलीशी कसे बोलायचे हे मला कोणी सांगितले नाही. बाबांना विचारता येत नाही, आणि टेकचंदभाऊंना विचारले तर ते डोळा मारतात. म्हणून मी मालिका पाहून लिहून काढत होतो. एकूण चौसष्ट भाग. बँकेतला पोरगा मुलीला विचारतो, ती नाही म्हणते, मागून माणसे हसतात. एकोणचाळीस वेळा नाही, एकोणचाळीस वेळा हशा. तो तिचा चहा, रिक्षा, सिनेमा सगळ्यांचे पैसे देतो आणि दर वेळी विचारतो, आता तरी? चौसष्टाव्या भागात गणपतीच्या कार्यक्रमात तो माईक घेतो आणि साऱ्या इमारतीसमोर सांगतो की आम्ही दोघांनी एकमेकांना पसंत केले आहे. मुलगी बोलायला तोंड उघडते, सगळ्यांकडे पाहते, मग खाली पाहून हसते. टाळ्या.

मी वहीत लिहिले होते : नाही हे शेवटचे उत्तर नसते. त्याखाली रेघही ओढली होती.

ताई, गुरुवारी १२ तारखेला रात्री साडेआठच्या मालिकेखाली जी पट्टी फिरली, ती मी टाईप केली होती. तुला बाबांनी सांगितले असेल की मित्रांनी गंमत केली. पट्टी अशी होती : "अड्याळ येथील कु. रिता ताराचंद व चि. अंकुश बाबुलाल यांनी एकमेकांना पसंत केले आहे. हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : मित्रपरिवार." तीन वेळा फिरली. आमचे कनेक्शन दोनशे चौदा घरांत आहे.

मित्रपरिवार वगैरे कोणी नव्हते. खोलीत मी एकटा होतो.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला रिताचे बाबा, ताराचंदकाका, राइस मिलची पाळी सोडून इथे आले. मागोमाग बाबा. टेकचंदभाऊ म्हणाले, "पावती कोणाच्या नावाची आहे? कोणं सांगतलं लावाले?" पावती मी फाडलीच नव्हती. तिघे माझ्याकडे पाहत होते. काकांचे हात कोंड्याने माखलेले होते, ते मला अजून दिसतात.

मी म्हणालो, "रितानंच सांगतलं होतं, लाव म्हणून."

एवढेच. पाच शब्द. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. काका तसेच घराकडे निघाले. शनिवारी आमच्या ओसरीत सुपारी फुटली. काका म्हणाले, नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे साक्षगंधाला लावतो, एका पोरीवर दोन खर्च कसे करू. फी भरायची शेवटची तारीख सोमवार, २३ ऑगस्ट आहे. साक्षगंध तिच्या आदल्या दिवशी. हे मी कॅलेंडरवर पाहिले, आणि तरी रात्री पोटभर जेवलो.

काल दुपारी साडेबाराला रिता इथे आली. छत्री दाराशी ठेवली, आत आली, उभी राहिली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"तुह्या वहीत सगळं लिहून असते न?" ती म्हणाली. "तारीख, वेळ, सगळं?"

"असते."

"मंग मी हो कवा म्हणलं ते काढ. तारीख सांग मले."

मी वही उघडली. ताई, मला खरेच वाटत होते की सापडेल. ७ जून, ती शिकवणीची पट्टी द्यायला आली, पहिली ते चौथी, पंधरा दिवस. त्यातले अर्धे पैसे मी तिला न सांगता भरले. २ जुलै, बसस्टँडवर मी दोन प्लेट समोसे घेतले, ती म्हणाली, "मले नाही पाहिजे. अन् तेही नाही पाहिजे जे तू मनात धरून आहेस. मले शिकाचं आहे." २० जुलै, पेनचा सेट परत. "एकदा सांगतलं न तुले." ५ ऑगस्ट, "मागं मागं येऊ नको, मी टेकचंदभाऊले सांगीन." त्या ओळीपुढे मीच लिहिले होते : नकार ३. मालिकेत तर एकोणचाळीस झाले होते.

"सापडलं?"

"नाही."

"काय नाही?"

"हो नाही आहे."

"अन् नाही किती आहेत?"

"तीन."

"तीन नाही मिळून तुह्या हिशोबात एक हो होते का रे? म्हणून दहावीत गणित गेलं तुहं?" ती हसली नाही. मीही नाही. मग म्हणाली, "आई काय म्हणते माहीत आहे? पट्टीवर आलं ते साऱ्या गावानं पाहिलं, तू नाही म्हणून राहिली ते मी एकटीनं ऐकलं. मी कोणाचं मानू?"

मी म्हणालो की लग्न झाल्यावर मी तुला शिकू देईन, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भर.

"देईन? तू कोण देणारा?"

 म्हणालो, मी पट्टी लावून चूक कबूल करतो, मोठ्या अक्षरात, आठ दिवस. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "माह्या नावाची पट्टी पुन्हा लावली तं पाय! तोंडानं सांग. जेथं जेथं तुही तार जाते, तेथं तेथं जाऊन सांग. पहिले माह्या बापाले." जाताना दारातून वळली. "रश्मीताईले विचार, अजून ठेवते का मले. पण मी तेथं असीन तवा तू तेथं दिसाचा नाही."

ती गेल्यावर मी टेकचंदभाऊंना सगळे सांगितले. ते म्हणाले, "चूप बस बे. पोरींचे नाही असेच असतेत. चार दिवस कळ काढ, मंग सारं बरोबर होते."

आणि ताई, ते खरे आहे. मला काहीच करायचे नाही. फक्त रविवारपर्यंत गप्प राहायचे आहे. हार येतील, तू साडी घेऊन येशील, ती खाली पाहील, लोक म्हणतील लाजली. मला जे पाहिजे होते ते गप्प राहिल्याने मिळते. बोललो तर बाबा घरात ठेवतील की नाही माहीत नाही, टेकचंदभाऊ काम देतील की नाही माहीत नाही, काका काय करतील तेही माहीत नाही. कालपासून मी तीनदा सायकल काढली आणि तीनदा लावली.

टेकचंदभाऊंची गाडी वाजली. पत्र इथे थांबवतो.


गुरुवार, दि. १९ ऑगस्ट
दुपारचे १ वाजून ४० मिनिटे

ताई, आज सकाळी साडेसहाला ताराचंदकाकांच्या घरी गेलो. काय बोलायचे ते वाटेत सायकलवर घोकून ठेवले होते. काका अंगणात दात घासत होते. मला पाहून म्हणाले, "या जावई, इतक्या सकाळी?"

त्या एका शब्दाने घोकलेले सगळे गेले.

मी म्हणालो, "काका, रितानं मले पट्टी लावाले सांगतलं नव्हतं. मीच लावली. तिनं कधी हो म्हणलंच नाही. तीनदा नाही म्हणली. शुक्रवारी मी खोटं बोललो."

काकांनी चूळ भरली. मग दुसरी भरली. तांब्यातले पाणी संपेपर्यंत ते चूळ भरत राहिले.

"शुक्रवारी काहून नाही सांगतलं?"

"भेलो."

"अन् आता भीत नाहीस?"

"आताही भेऊन राहिलो."

"मी हाणली बे तिले," काका म्हणाले. "तुह्या एका शब्दावर. शुक्रवारी घरी येऊन हाणली. ती म्हणून राहिली नाही बाबा, नाही बाबा, अन् मी हाणून राहिलो."

हे मला माहीत नव्हते. परवा ती इथे उभी होती तेव्हा तिने हे सांगितले नाही. मी इकडे पाठीवर थाप घेत होतो तेव्हा तिकडे हे चालले होते. यावर मला काही लिहिता येत नाही, म्हणून पुढचे लिहितो.

रिताची आई, शकुनकाकू, चुलीपुढून उठून दारात आल्या. त्या माझ्यावर ओरडतील असे वाटले होते. पण आतल्या खोलीकडे तोंड करून त्या एवढेच म्हणाल्या, "रिता, माह्या मायपणाले कीड लागली होती, मी तुहं ऐकलं नाही." 

काकांनी गमछा खांद्यावर टाकला. "चाल. पहिले तुह्या बापाघरी. मलेच सांगून काय फायदा?"

आमच्या घरी बाबा चहा पीत होते. मी उभ्यानेच पुन्हा सगळे सांगितले. दुसऱ्यांदा सांगणे सोपे जाईल असे वाटले होते, तसे नाही. बाबांनी पायातली चप्पल फेकली, ती कानाला लागून गेली. मग ते जे बोलले ते तुला लिहितो, कारण तू त्यांची लेक आहेस. "सारं जमून आलं होतं बे! चार दिवस तोंड बंद ठेवलं असतं तं काय बिघडलं असतं? घरी चालून येऊन राहिली होती, बावळ्या!"

मालिकेत इथे नक्की हशा आला असता.

काका म्हणाले, "बाबुलालभाऊ, चालून येऊन नव्हती राहिली. मी आणून राहिलो होतो तिले, धरून."  आईने काकांना पाणी दिले आणि माझ्याजवळ थांबली. मला वाटले ती चप्पल उचलते आहे. ती हळू म्हणाली, "माह्या येळेस असं कोणी सकाळी सकाळी येऊन सांगतलं असतं तं," आणि वाक्य तसेच ठेवून आत गेली.

त्या वाक्याने मला तुझा दिवस आठवला. भाऊजींकडचे लोक पाहायला आले होते, तू डी.एड.चा फॉर्म तांदळाच्या डब्याखाली ठेवला होतास. आत्याने तुला विचारले, पसंत आहे न? मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, टीव्ही पाहत होतो, आणि तुमच्या बोलण्याने ऐकू येत नाही म्हणून मी आवाज वाढवला. तू काय उत्तर दिलेस ते मला आजही माहीत नाही. भाऊजी चांगले आहेत. तरी तू काय म्हणाली होतीस ते कधी तरी सांग.

साक्षगंध मोडले आहे. काका रिताला सोमवारी फी भरायला पाठवायला तयार आहेत, पण मंडपवाल्याला सातशे रुपये इसार दिला आहे, तो परत देत नाही. तेवढे कमी पडतात. माझ्याजवळ पाचशे होते ते काकांच्या घरी परत जाऊन त्यांच्या हातात दिले, दोनशे पुढच्या पगारात. रिता बाहेर आली, वही मागितली, त्यात काहीतरी लिहिले आणि वही माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदा ती दिवसाउजेडी ओट्यावर बसली होती.

काकांची एकच अडचण आहे. ते म्हणतात, पट्टीनंतर भंडाऱ्यात पोरीला एकटे कुठे ठेवू. म्हणून ताई, तुला मागायचे ते मागतो. रविवारी ये. साडी आणू नकोस, रिकाम्या हाताने ये, ताराचंदकाकांच्या घरी जा आणि रिताला तुझ्यासोबत घेऊन जा. आधी ठरले होते तसेच, बहीण म्हणून. भाऊजींना हे पूर्ण पत्र वाचायला दे. लोक तिच्याबद्दल काही बोलले तर त्यांनाही दे.

ती तुझ्याकडे असेपर्यंत मी तुझ्या क्वार्टरला येणार नाही. कोर्स साडेतीन वर्षांचा आहे. तृप्तीच्या वाढदिवसालाही येणार नाही. तिने विचारले तर मामा तारेवर काम करतो, उतरायला वेळ लागतो असे सांग. हे पत्रही मी घरी आणून देणार नाही. उद्या भंडाऱ्यापर्यंत येईन, भाऊजींच्या फॅक्टरीच्या बसमध्ये त्यांच्या ओळखीच्या ड्रायव्हरजवळ देईन आणि तिथूनच परतेन.

टेकचंदभाऊंनी महिनाअखेरपर्यंत ठेवले आहे, तेही वसुलीला दुसरा माणूस नाही म्हणून. ते बरे झाले. वसुलीच्या निमित्ताने मला सगळ्या घरांत जाता येते. आज नऊ घरे झाली. पहिल्या घरी म्हातारबाबा हसले, त्यांना वाटले ही पण पट्टीसारखी गंमत. मी उभा राहिलो. हसणे संपले तेव्हा पुन्हा सांगितले. सहाव्या घरी एक बाई म्हणाली, "पण लावली तवा छान वाटलं होतं रे वाचाले."  पावती फाडून दिली.

माझ्यावर रागाव. उत्तर लिहिले नाहीस तरी चालेल. पण रविवारी ये.

तुझ्या दारापर्यंत न येणारा,
तुझा भाऊ,
अंकुश

हिशेब, दि. ७ जून ते १९ ऑगस्ट २००४

शिकवणीच्या पट्टीचे अर्धे पैसे, रिताला न सांगता भरलेले : ७५ रु.
समोसे, दोन प्लेट, तिने खाल्ले नाहीत : १२ रु.
पेनचा सेट, परत आला : ६० रु.
'मित्रपरिवार' पट्टी, तीन वेळा, पावती आज फाडली : ३० रु.
एकूण खर्च : १७७ रु.

ताराचंदकाकांना देणे : ७०० रु. पैकी दिले ५००, बाकी २०० रु.
सांगायची घरे : २१४ पैकी झाली ९, बाकी २०५.

शेवटची ओळ माझी नाही. ती रिताने वहीत स्वतःच्या हाताने लिहिली, मी जशीच्या तशी उतरवली :

रिताकडून येणे : निरंक. पहिल्या पानापासून.